प्रचारक आणि पात्रता : त्यागरायनगरातील भाषाशिक्षकाची घडण

चेन्नईतील टी. नगर, अर्थात त्यागरायनगर, आज कापडचोपड आणि दागिन्यांच्या पेठेसाठी प्रसिद्ध आहे. तथापि १९३६ पासून येथेच असलेल्या दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेमुळे आधुनिक भाषाशिक्षणाच्या इतिहासातही या वस्तीला स्थान आहे. शिक्षक म्हणून कोणाला पात्र ठरवावे, या प्रश्नाची बदलती उत्तरे या संस्थेच्या वाटचालीत दिसतात.

१९१८ मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने हे कार्य सुरू झाले आणि देवदास गांधी पहिले प्रचारक झाले. दक्षिणेतील काही तरुणांना हिंदी शिकण्यासाठी प्रयागला पाठविण्यात आले. पुढे १९२२ मध्ये ईरोड येथे पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांच्या जागेत प्रचारक विद्यालय निघाले. भाषेचे ज्ञान आणि सेवावृत्ती हीच त्या काळातील पात्रता होती. शिकणाराही स्वेच्छेने येत असे.

१९३८ मध्ये राजगोपालाचारी सरकारने मद्रास प्रांतातील १२५ माध्यमिक शाळांत हिंदी सक्तीची केली, तेव्हा हे नाते पालटले. त्याविरुद्धच्या आंदोलनात पेरियारच अग्रभागी होते. १९४० मध्ये सक्ती मागे घेण्यात आली. शिक्षक तयार असला तरी समाजाची संमती नसेल तर त्याचे शिकवणे अधांतरी राहते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

१९६४ च्या संसदीय कायद्याने सभेला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविले आणि हिंदीबरोबरच हिंदी-अध्यापनाच्याही पदव्या व प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार दिला. परंतु १९६८ मध्ये तमिळनाडूने द्विभाषा धोरण स्वीकारले. प्रमाणपत्राला कायद्याचे बळ मिळाले, आणि त्याच सुमारास राज्याच्या शाळांतील हिंदी शिक्षकाची जागा संपली.

पुढे पात्रतेचा निर्णय केंद्रीय नियमनाकडे गेला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेचा १९९३ चा कायदा १९९५ मध्ये अमलात आला. २०१० मध्ये पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी पात्रता परीक्षा आली. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र व तमिळनाडूतील प्रकरणांचा एकत्र निर्णय देताना, अल्पसंख्याक संस्था वगळता, पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे बंधनकारक केले.

प्रचारकाची निष्ठा वर्गातील अध्यापनकौशल्याची हमी देत नव्हती. परीक्षेतील गुण भाषांमध्ये सेतू बांधण्याच्या वृत्तीची हमी देत नाहीत. भाषाशिक्षक घडविण्याच्या कोणत्याही सुधारणेला ज्ञान, वृत्ती आणि संमती या तिन्हींचा विचार करावा लागतो. त्यागरायनगरचा इतिहास महत्त्वाचा ठरतो तो या तिसऱ्या कसोटीमुळे.