ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प
चंद्रपूर जिल्ह्यातील साग-बांबूच्या शुष्क पानझडी वनांतील संरक्षित क्षेत्र. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये, तर अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. दोन्ही मिळून १९९५ च्या सुमारास व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौ. किमी. असून भोवती त्याहून मोठे बफर क्षेत्र आहे.

येथील व्यवस्थापनाचा खरा कणा वाघ नसून गवत आहे. गाभ्यातील काही गावांचे पुनर्वसन झाल्यावर मोकळ्या शेतजमिनींवर कुरणे राखली गेली. तेथे चितळ, सांबर, गवे चरतात आणि त्यांच्यामागे वाघ, बिबट्या, रानकुत्री येतात. रान वाढू दिले तर कुरणात झुडपे माजतात, म्हणून ती हाताने उपटावी लागतात. वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा साफ करतात. पाणवठे आटू लागले की बोअरवेलवर सौरपंप बसवून ते भरले जातात. वाघांची गणना कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांवरून होते. प्रत्येकाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना वेगळी असल्याने ओळख पटते.

अवघड प्रश्न प्रकल्पाच्या सीमेबाहेरचा आहे. वयात आलेले वाघ नवा मुलूख शोधत प्रकल्पाबाहेरच्या ब्रह्मपुरी वनक्षेत्राकडे सरकतात. मोहफुले व तेंदूपाने वेचण्याच्या हंगामात माणसे पहाटेच, वाकून, जंगलात असतात आणि हल्ल्यांत जीव जातात. वेळेवर मिळणारी नुकसानभरपाई, सरपणासाठी जंगलात जावे लागू नये म्हणून स्वयंपाकाचा गॅस, पर्यटनातील रोजगार यांना येथे बंदोबस्ताइतकेच महत्त्व द्यायला हवे. वाघांची ही दाटी कमी करण्याचा एक मार्ग म्हणून २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातील वाघिणी नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सोडण्यात आल्या.