थिबा राजवाडा

थिबा राजवाडा हा महाराष्ट्रातील रत्नागिरी शहरात एका टेकडीवर असलेला राजवाडा आहे. ब्रह्मदेशाचा (आजचा म्यानमार) अखेरचा राजा थिबा मिन आणि त्याचे कुटुंब यांच्या वास्तव्यासाठी ब्रिटिश सरकारने तो १९१० साली बांधून पूर्ण केला. सध्या ही वास्तू राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात असून तिच्यात संग्रहालय आहे. तिला राजवाडा म्हटले जात असले तरी येथून कधीही राज्यकारभार चालला नाही. ती एका पदच्युत राजाची नजरकैदेची जागा होती.

पार्श्वभूमी

थिबा (१८५९–१९१६) हा कोनबाउंग घराण्यातील राजा मिंडोन याचा पुत्र होय. १८७८ साली तो मंडाले येथे गादीवर आला. त्याच्या काळात उत्तर ब्रह्मदेशातील सागवानाच्या जंगलतोडीवरून ब्रह्मी दरबार आणि 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' ही ब्रिटिश कंपनी यांच्यात वाद झाला व दरबाराने कंपनीला जबर दंड ठोठावला. हा दंड युद्धाचे निमित्त ठरला. फ्रान्सशी वाढत चाललेली ब्रह्मी दरबाराची जवळीक ब्रिटिशांना अधिक खुपत होती. नोव्हेंबर १८८५ मध्ये जनरल प्रेंडरगास्ट याच्या सैन्याने इरावती नदीतून वर सरकत अवघ्या काही आठवड्यांत मंडाले गाठले. २९ नोव्हेंबर रोजी राजा, राणी सुपायालत आणि कनिष्ठ राणी सुपायागले यांना राजधानीबाहेर नेऊन आगबोटीत बसविण्यात आले. १ जानेवारी १८८६ रोजी त्याचा मुलूख ब्रिटिश साम्राज्यात विलीन झाल्याची घोषणा झाली.

राजाला प्रथम मद्रास येथे ठेवण्यात आले आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस हलविण्यात आले. त्या वेळी रत्नागिरीला रेल्वे नव्हती, एका बाजूस सह्याद्री होता आणि पावसाळ्यात समुद्रमार्गही बंद पडत असे. राजाला त्याच्या प्रजेपासून तोडण्यासाठी अशी जागा सोयीची होती. पुढे वि. दा. सावरकर यांना स्थानबद्ध करण्यासाठीही सरकारने हाच जिल्हा निवडला. उलट दिशेचे उदाहरण त्याहून जुने आहे. दिल्लीचा अखेरचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर याला १८५८ साली ब्रह्मदेशात रंगून येथे पाठविण्यात आले होते आणि तेथेच १८६२ साली त्याचा मृत्यू झाला.

बांधकाम

रत्नागिरीत आल्यावर राजकुटुंब बरीच वर्षे सरकारी बंगल्यांत राहिले. जागा अपुरी असल्याच्या तक्रारी राजा सतत करीत असे. बांधकाम १९०६ च्या सुमारास सुरू झाले आणि १९१० च्या अखेरीस कुटुंब नव्या वास्तूत राहायला आले. त्या वेळी राजाला रत्नागिरीत येऊन २४ वर्षे उलटली होती. म्हणजे सुमारे तीस वर्षांच्या निर्वासनापैकी जेमतेम सहा वर्षे तो या राजवाड्यात राहिला. रत्नागिरीतच जन्मलेले लोकमान्य टिळक या सुमारास मंडालेच्या तुरुंगात शिक्षा भोगत होते (१९०८–१९१४).

वास्तू

इमारत कोकणातल्या तांबड्या जांभ्या दगडाची असून तिला उतरती छपरे आहेत. अर्धवर्तुळाकार, कोरीव लाकडी खिडक्या आणि त्यांतील रंगीत काचा हे तिचे सर्वाधिक नजरेत भरणारे वैशिष्ट्य होय. आराखड्यात राजाने स्वतः लक्ष घातले होते. पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचे दालन आहे. मागील बाजूस कारंजे आहे. उंचावरील या जागेवरून भाट्ये खाडी व अरबी समुद्र दिसतो. राजा सज्जातून दुर्बिणीने समुद्रातील जहाजे पाहत बसे, असे स्थानिक सांगतात. जवळच्या 'थिबा पॉइंट' या ठिकाणी पर्यटक आजही तोच देखावा पाहण्यासाठी येतात.

राजकुटुंबाचे जीवन

राजाला सरकारी तनखा मिळे व त्याच्यावर देखरेखीसाठी अधिकारी नेमलेला असे. खर्च भागविण्यासाठी त्याने बरोबर आणलेली रत्ने हळूहळू विकली. मंडाले सोडताना कर्नल स्लेडन या अधिकाऱ्याच्या हाती गेलेले 'नगामौक' हे मोठे माणिक परत मिळावे, यासाठीही त्याने पत्रव्यवहार केला. ते त्याला कधीच मिळाले नाही.

त्याला चार मुली होत्या. धाकट्या दोघींचा जन्म निर्वासनात, एकीचा मद्रासला तर एकीचा रत्नागिरीत झाला. ब्रह्मी राजघराण्याच्या तोलामोलाचे वर येथे मिळणे शक्य नव्हते, त्यामुळे त्यांची लग्ने रखडली. थोरल्या राजकन्येचे राजवाड्यावरील एका मराठी नोकराशी संबंध जुळले व तिला मुलगी झाली. कुटुंबासह ब्रह्मदेशात गेलेली ही राजकन्या पुढे मुलीला घेऊन रत्नागिरीस परतली आणि १९४७ साली येथेच वारली. तिची मुलगी मराठी कुटुंबात संसार करून सामान्य, बहुतांशी गरिबीचे आयुष्य जगली.

मृत्यू व समाधी

१९१२ मध्ये कनिष्ठ राणीचे व डिसेंबर १९१६ मध्ये राजाचे निधन झाले. पार्थिव मायदेशी नेण्याची कुटुंबाची इच्छा सरकारने मान्य केली नाही. राजाची कबर ब्रह्मदेशात लोकभावनेचे केंद्र ठरेल, अशी भीती त्यामागे होती. अखेर मार्च १९१९ मध्ये दोघांचे दफन रत्नागिरीतच करण्यात आले आणि त्यानंतर कुटुंबाला परत जाण्याची परवानगी मिळाली. सुपायालत १९२५ साली रंगून येथे वारली. त्यामुळे राजा व पट्टराणी यांच्या समाध्या आज दोन देशांत आहेत.

राजवाड्यापासून काही अंतरावर वस्तीत असलेली राजाची समाधी साधी आहे आणि राजवाडा पाहून परतणारे बरेच पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी डिसेंबर २०१२ मध्ये, तर मृत्यूच्या शताब्दीनिमित्त २०१६ मध्ये त्या देशातील उच्चपदस्थांनी येथे येऊन आदरांजली वाहिली.

संग्रहालय

राजकुटुंब गेल्यानंतर वास्तू निरनिराळ्या सरकारी कामांसाठी वापरली गेली. संग्रहालयात कोकण परिसरातील जुन्या मूर्ती व अन्य पुरावशेष मांडलेले असून राजाच्या वापरातील म्हणून काही सामानही दाखविले जाते. मात्र ब्रह्मी राजघराण्याच्या वैभवाच्या खुणा शोधत येणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. राजवाड्याच्या मागे राजाने आणलेली मानली जाणारी बुद्धमूर्ती आहे. राजकुटुंबाच्या निर्वासनावर अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' (२०००) ही कादंबरी आणि सुधा शाह यांचे 'द किंग इन एक्झाइल' (२०१२) हे इतिहासपर पुस्तक प्रसिद्ध आहे.