रहस्यकथेची गाडी पालघरला थांबत नाही

गेल्या चार-पाच महिन्यांत मी सोळा रहस्यकथा, तीन भयकादंबऱ्या आणि एक विज्ञानकथासंग्रह एवढा ऐवज संपवला. बोईसर ते अंधेरी असा रोजचा प्रवास असला की माणूस एकतर पत्ते शिकतो, नाहीतर भजनी मंडळात शिरतो, नाहीतर वाचतो. पत्त्यांत मला गती नाही आणि माझा गळा ऐकून डब्यातली मंडळी पुढच्या स्टेशनवर उतरतील. राहता राहिलं वाचन.

समीक्षा करायचा आपला वकूब नाही. पण एकामागोमाग एक अशी वीस पुस्तकं वाचली की लेखकांपेक्षा त्यांच्या काळाबद्दलच जास्त कळायला लागतं. कुठल्या दशकात लोक कशाला घाबरत होते, कुणाला मार पडलेला पाहून खूश होत होते, हे त्या पिवळ्या पडलेल्या पानांत सरकारी अहवालापेक्षा स्वच्छ दिसतं. आणि आणखी एक दिसतं, ते मला जरा टोचलं. ते पुढे येईलच.

सुरुवात अर्थातच बाबूराव अर्नाळकरांपासून. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारावर रहस्यकथा लिहिलेला हा माणूस. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावं आमच्या आधीच्या पिढीपुढे नुसती उच्चारली तरी चेहरे उजळतात. त्यांच्या नावात जे गाव आहे ते अर्नाळा, विरारच्या पश्चिमेला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला आणि वसई तालुक्याबरोबर अर्नाळाही इकडे आलं. म्हणजे मराठीतल्या सगळ्यात वाचल्या गेलेल्या रहस्यकथाकाराच्या नावातलं गाव आता आमच्या जिल्ह्यात आहे. (जिल्ह्याला याचा पत्ता आहे असं वाटत नाही.)

आता अर्नाळ्याला काय आहे? समुद्रात बेटावर किल्ला आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. बोटीशिवाय जाता येत नाही. रहस्यकथेतल्या खलनायकाला अड्डा म्हणून यापेक्षा चांगली जागा कुठली हवी? पण मी वाचलेल्या अर्नाळकरांच्या गोष्टींत एकही खलनायक तिकडे फिरकत नाही. सगळा कारभार मुंबईत. बंगला मुंबईत, तिजोरी मुंबईत, पाठलागाच्या मोटारी मुंबईच्या रस्त्यांवर. (त्या रस्त्यांवर तेव्हा मोटारी पळू शकत होत्या, ही आज वाचताना सगळ्यात मोठी अद्भुतकथा वाटते.)

वाचायला मात्र मजा येते, हे कबूल करायलाच हवं. वर्णनात वेळ घालवत नाहीत. दोन ओळींत माणूस उभा, तिसऱ्या ओळीत त्याच्या हातात पिस्तूल. संवाद चटपटीत. चावटपणा नाही, त्यामुळे पुस्तक घरात उशीखाली न लपवता वाचता येई. तक्रार एकच. यात शोध कमी आणि हाणामारी जास्त. होम्ससारखं चिखलाचे डाग बघून निष्कर्ष काढणं वगैरे झुंजारच्या स्वभावातच नाही. तो जातो, दार उघडतो आणि प्रकरण मिटवतो. काळा पहाड तर कायद्याच्या बाहेर राहूनच दुष्टांना धडा शिकवणार. आणि वाचकाचं काळीज पोलिसांच्या बाजूला नसतं, काळ्या पहाडाच्या बाजूला असतं.

असं का, हे काळ पाहिला की कळतं. महायुद्ध चालू होतं. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं, त्याच्या मागोमाग काळाबाजार आला. धान्य दडवून ठेवणारे शेठजी मोकळे फिरत होते आणि सामान्य माणूस पिशवी घेऊन रांगेत उभा होता. अशा माणसाला रात्री कंदिलाखाली कुणीतरी शेठजीची तिजोरी फोडताना दिसला तर तो टाळ्याच वाजवणार!

इथपर्यंत ठीक. पण त्याच वर्षांत मुंबईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, याच रेल्वेमार्गाच्या बाजूला, दुसरी एक गोष्ट घडत होती. डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत वारली माणूस सावकार-जमीनदाराकडे वेठीला होता. लग्नासाठी थोडं कर्ज काढायचं आणि त्यापायी नवराबायकोनं जन्मभर मालकाकडे राबायचं. 'लग्नगडी' हा शब्द त्यातून आला. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेतर्फे तिथं पोचले आणि वारल्यांनी वेठ नाकारली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलासरीजवळ तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. जेठ्या गांगड त्यांतलाच. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं. ते १९७० मध्ये आलं, १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मी हे पुस्तक दोन झुंजारकथांच्या मध्ये वाचलं. मुद्दाम नव्हे, हाताला लागलं म्हणून. पण परिणाम विलक्षण झाला. जंगलात रात्रीच्या सभा, एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर धावत जाणारा निरोप, मालकांनी पसरवलेल्या अफवा. रहस्यकथेला जे जे लागतं ते सगळं आहे. फक्त इथं तिजोरी फोडायला बुरखा घालून कुणी येत नाही, लोक स्वतःच उठतात. त्यानंतर काळा पहाड उघडला आणि तो मला पहिल्यांदाच थोडा छोटा वाटला. गरिबांचा कैवारी म्हणून पेश केलेला नायक, आणि दोन-तीन तासांच्या अंतरावरचे गरीब त्याच्या जगात नाहीतच. यात अर्नाळकरांचा दोष किती? फारसा नाही. त्यांचा वाचक चाळीत होता, पाड्यावर नव्हता. वारल्यांना अक्षर ओळखू न देण्याची व्यवस्था पक्की होती. जो वाचत नाही त्याची भीती लोकप्रिय कादंबरीत येत नाही, एवढंच.

पुढे गोव्याचे गुरुनाथ नाईक आले (२०२१ मध्ये गेले). तेही हजाराच्या पुढचे खेळाडू. त्यांचा कॅप्टन दीप माझा आवडता, कारण त्याला विचार करायला फुरसत नसते आणि संध्याकाळच्या गाडीत मलाही नसते. या काळातला खलनायक म्हणजे तस्कर. आज तरुण वाचकाला प्रश्न पडेल की सोन्याची बिस्किटं आणि घड्याळं यांच्यासाठी माणसं एवढा जीव का काढतात. त्यामागे कायदा आहे. १९६३ मध्ये मोरारजीभाईंनी सोनं नियंत्रण आणलं, १४ कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी घातली. १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला. बाहेर सोनं स्वस्त, इथं महाग, आणि मधे समुद्र. तस्कराचा जन्म व्हायला आणखी काय लागतं? १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला, १९९२ मध्ये परदेशातून येणाऱ्या भारतीयांना कर भरून सोनं आणायची मुभा मिळाली, आणि कथेतल्या बिस्किटवाल्या खलनायकाचा धंदाच बसला. खरा समुद्र मात्र तसाच आहे. सातपाटी, मुरबे, दांडी, चिंचणी. रात्री खाडीत शिरणाऱ्या बोटीच्या आवाजावरून ती कुणाची हे सांगणारी माणसं इथं आहेत. कॅप्टन दीप एकदा येऊन त्यांच्याशी बोलला असता तर बरं झालं असतं.

आणि मग तारापूर. इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण गेल्या शतकातली सगळ्यात भारी हेरकथा आमच्या दाराशी घडली.

१९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला, जनरल इलेक्ट्रिकने अणुभट्ट्या दिल्या आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये देशातलं पहिलं अणुवीज केंद्र इथं वीज देऊ लागलं. अट अशी की या भट्ट्यांना लागणारं समृद्ध युरेनियम अमेरिकाच पुरवणार. मे १९७४ मध्ये आपण पोखरणला स्फोट केला आणि तिकडे डोळे वटारले गेले. १९७८ मध्ये अमेरिकेनं नवा कायदाच केला. जे देश आपली सगळी केंद्रं तपासणीला खुली करणार नाहीत त्यांना इंधन नाही. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी तारापूरसाठी ३८ टन इंधन सोडायचं ठरवलं, तर प्रतिनिधीगृहानं विरोध केला. सप्टेंबरमध्ये सिनेटमध्ये मतदान झालं. निकाल ४८ विरुद्ध ४६. दोन मतांनी! नंतर पुन्हा अडलं, तेव्हा १९८२ मध्ये तोडगा निघून फ्रान्सनं इंधन द्यायचं ठरलं. पुढे चीन, रशिया.

म्हणजे बघा. समुद्रकाठचं झाई-चिंचणीच्या पट्ट्यातलं एक गाव, आणि तिथल्या भट्टीत काय घालायचं यावर वॉशिंग्टनमध्ये दोन मतांनी निर्णय. फ्रेडरिक फोर्साईथला हे मिळालं असतं तर त्यानं साडेचारशे पानं काढली असती. मी वाचलेल्या एकाही मराठी कादंबरीत तारापूर आलेलं नाही.

विज्ञानकथेकडे मग मोठ्या आशेनं वळलो. जयंत नारळीकर (२०२५ मध्ये गेले) १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावानं 'कृष्णविवर' पाठवून कथाकार झाले. नाव मोठं असल्यामुळे बक्षीस मिळालं असं कुणी म्हणू नये म्हणून टोपणनाव! त्यांची 'धूमकेतू' मला फार आवडते. पृथ्वीवर आदळायला येणारा धूमकेतू अण्वस्त्राच्या धक्क्यानं वळवायचा शास्त्रज्ञांचा खटाटोप एकीकडे, आणि तो शोधणाऱ्याच्या स्वतःच्या घरात शांतीसाठी यज्ञ दुसरीकडे. तारापूरच्या आसपास राहणाऱ्याला यात काही कल्पित वाटत नाही. इकडे अणुशास्त्र शिकलेला माणूस नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवतोच. नारळीकरांची पात्रं मात्र माणसं कमी आणि व्याख्याते जास्त असतात. हे माझं प्रामाणिक मत, रागवू नये.

भयकथेत नारायण धारप. तीनपैकी दोन कादंबऱ्या त्यांच्या. 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून घेतलेली, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्यावर नाक मुरडणारे मुरडोत. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. किंगचं गाव अमेरिकेच्या एका कोपऱ्यातलं आडगाव आहे. भीती शहरात नाही, जिथं सगळे सगळ्यांना ओळखतात त्या लहान गावात आहे, ही त्याची खरी कल्पना. ती धारपांनी उचलली आणि मराठी गावात रुजवली, आणि ती रुजली. म्हणजे लहान गावावर मराठीत भयकथा उभी राहू शकते हे सिद्ध झालं की!

मग पोफरण आणि अक्करपट्टीवर का नाही? तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी ही दोन गावं उठवली गेली. २००५ आणि २००६ मध्ये त्या भट्ट्या सुरू झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगलेली माणसं किनाऱ्यापासून लांब, आखून दिलेल्या प्लॉटवर गेली. घर गेलं, वहिवाट गेली, बोट ओढायची जागा गेली. भयकथाकाराला रिकामी घरं आवडतात ना? इथं अख्खी गावं रिकामी झाली, आणि तीही कुणा पिशाच्चानं नव्हे, नोटीस देऊन.

तिसऱ्या भयकादंबरीचं नाव घेत नाही. तिच्यात जंगलातला आदिवासी भगत येतो, डोळे लाल, हातात कवटी, शहरी जोडप्याचं वाटोळं करतो. पालघरला राहून हे वाचवत नाही. इथला भगत मी पाहिलाय. तो तांदळाचे दाणे मांडून बघतो, आणि त्याच्या नातीला तालुक्याच्या रुग्णालयात पोचवायला गाडी मिळत नाही म्हणून रात्रभर जागतो. भीती त्यालाही आहे, पण ती कवटीची नाही.

सुहास शिरवळकरांबद्दल थोडक्यात. २००३ मध्ये गेले. अमर विश्वास आणि फिरोज इराणी यांच्या कथा वेगवान आहेत, संवाद तर फार छान, पण पुण्याच्या हवेबाहेर त्या जाताना मला तरी दिसल्या नाहीत. 'दुनियादारी'चा विषय वेगळा, तो इथं नको.

सध्या एक जुनी झुंजारकथा हातात आहे. रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेल्या गठ्ठ्यात निघाली. शेवटची आठ पानं नाहीत. पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं 'खुनी मुनीम' असं लिहून ठेवलंय, पण पंचाहत्तर पानं झाली तरी गोष्टीत मुनीम आलेला नाही. कुणाकडे अखंड प्रत असेल तर जरूर कळवा. खुनी कोण ते सांगू नका, फक्त पानं हवी आहेत.