शकुंतलेचे हादरे आणि नसांचे दुखणे

दर्यापूरकरांना 'शकुंतला' माहीत आहे. मूर्तिजापूर ते अचलपूर धावणारी ही अरुंद रुळांची गाडी बनोसा स्टेशनवर थांबायची. वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी टाकलेला हा मार्ग. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आता गाडी बंद आहे, पण तिचे हादरे आमच्या पिढीच्या हाडांत अजून आहेत.

माझ्या अम्मीला ते हादरे आवडत. मधुमेहामुळे तिच्या तळपायांची रात्रभर आग व्हायची. डब्याच्या फळीवर पाय टेकवून बसली की म्हणायची, "मूर्तिजापूर येईपर्यंत तरी बरं वाटते." आम्ही हसायचो.

हसायला नको होते. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातले थोर मज्जातज्ज्ञ जाँ-मार्तँ शार्को यांना त्यांचे कंपवाताचे रुग्ण नेमके हेच सांगत. आगगाडीचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास केला की अंग हलके वाटते, असे त्यांचे म्हणणे होते. शार्को हसले नाहीत. त्यांनी विजेवर हादरणारी खुर्चीच बनवून घेतली आणि १८९२ मध्ये तिच्यावर व्याख्यान दिले. रुग्णांना झोप चांगली लागे, दुखणे कमी होई. त्यांचे शिष्य जिल द ला तुरेत यांनी डोकेदुखीसाठी थरथरणारे शिरस्त्राण केले. पुढच्याच वर्षी शार्को वारले आणि खुर्ची मागे पडली.

त्याआधी लंडनमध्ये जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल नावाच्या डॉक्टरांनी मज्जातंतूंच्या दुखण्यावर ठोके देणारे यंत्र वापरले होते. १८८३ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. तीव्र कळ म्हणजे वरचा सूर, ठणका म्हणजे खालचा सूर. वेगळ्या लयीची कंपने दिली तर दुखण्याचा सूर मोडतो, अशी त्यांची कल्पना. माझ्यासारख्या कवीला ती आवडावी, पण विज्ञानाला पुरावा लागतो.

पटणारे स्पष्टीकरण १९६५ मध्ये आले. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'वेदनेचे फाटक' मांडले. स्पर्श आणि कंपने जाड मज्जातंतूंतून जातात, वेदना बारीक तंतूंतून. दोन्ही पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोहोचतात. जाड तंतूंचे संदेश जोरात आले की वेदनेचे फाटक काही प्रमाणात लागते. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो, आजी नातवाला पाय तुडवायला सांगते, त्यामागचे कारण हेच. या सिद्धान्तातल्या तपशिलांत पुढे दुरुस्त्या झाल्या, गाभा टिकला. १९८० च्या दशकात स्वीडनचे थॉमस लुंडेबर्ग यांनी जुनाट दुखण्यांवर सेकंदाला सुमारे १०० कंपने देऊन पाहिली. अनेकांना आराम पडला.

पण गोष्टीला दुसरी बाजू आहे. शिकागोच्या डॉक्टरांनी शार्कोंची खुर्ची नव्याने तपासली. कंपवाताच्या काही रुग्णांना हलणाऱ्या खुर्चीत बसवले, काहींना न हलणाऱ्या. २०१२ मध्ये निष्कर्ष आला: दोन्ही गटांना जवळपास सारखाच फरक पडला. म्हणजे निवांत बसणे आणि कुणीतरी आपली काळजी घेते आहे ही भावना, यांचाही त्यात वाटा असणार.

आणखी एक धडा आम्ही घरीच शिकलो. गाडीची आठवण ठेवून मी अम्मीसाठी पायाला थरथर आणि ऊब देणारे यंत्र आणले. आठवडाभर ती खूश होती. मग टाचेवर भाजल्याची जखम दिसली. तिला कळलीच नव्हती. डॉक्टरांनी नादकाटा वाजवून तिच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला.

"अम्मा, थरथर समजते?"

"नाही जी, काहीच नाही समजून राहिलं."

जो पाय रात्री आगीने जळत होता, त्याच पायाला खरी आग कळत नव्हती. मज्जातंतू खराब झाले की दोन्ही एकत्र नांदू शकतात. ती जखम भरायला दोन महिने लागले.

तेव्हा मधुमेह असेल तर असे यंत्र विकत घेण्याआधी पायांची संवेदना तपासून घ्या. नादकाट्याची तपासणी काही मिनिटांची असते. कंपनांनी दुखणे काही वेळ शांत होऊ शकते, त्याचे मूळ जात नाही. साखर ताब्यात ठेवावीच लागते, तळपाय रोज पाहावे लागतात.

आणि घरातले म्हातारे माणूस अमक्याने बरे वाटते म्हणाले, तर हसू नका. शार्कोंसारखे आधी ऐकून घ्या. मी ऐकले, पण तपासले नाही. दोन्ही करायला हवे होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)