वऱ्हाडचा आखाडा आणि दुखावलेली पाठ

वऱ्हाडचा अर्वाचीन इतिहास बहुधा कापसाच्या भावावरून, रेल्वेच्या रुळांवरून आणि बाजारपेठांच्या भरभराटीवरून लिहिला जातो. परंतु हा सारा कापूस शेतातून बंडीत, बंडीतून जिनात आणि जिनातून आगगाडीच्या डब्यात ज्या पाठींवरून गेला, त्या पाठींचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. व्यायामाच्या इतिहासाचेही असेच झाले आहे. त्यात पैलवानांच्या कुस्त्या, गदा आणि मानसन्मान सापडतात. दुखावलेले शरीर पुन्हा उभे कसे राहिले, हा प्रश्न मात्र त्याच्या कडेला राहतो. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात हे दोन इतिहास शेजारी ठेवून पाहिले, तर अंगमेहनतीने वाकलेल्या आणि दुखावलेल्या पाठीला सावरणारी एक विद्या याच भूमीत कशी वाढली, आणि ती कोणापर्यंत पोहोचली व कोणापर्यंत पोहोचली नाही, हे स्पष्ट होते.

१८५३च्या तहाने निजामाच्या ताब्यातील वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, आणि त्यानंतर पूर्व वऱ्हाडचे मुख्य ठाणे अमरावती व पश्चिम वऱ्हाडचे अकोला असे झाले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारी अमेरिकन रुई आटली, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसाला अभूतपूर्व मागणी आली; १८६७मध्ये भुसावळहून अकोला व बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली आणि जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने गावोगावी उभे राहिले. जिनात कापसापासून सरकी वेगळी होते, तर प्रेसमध्ये मोकळी रुई दाबून तिची गाठ बांधली जाते. त्या काळी अशी एक गाठ सुमारे ४०० पौंडांची, म्हणजे आजच्या हिशेबाने १८० किलोंच्या आसपास असे. ही गाठ लोटणारे आणि कापसाची बोदरी, धान्याची व सरकीची पोती पाठीवर घेऊन फळीवरून चढणारे हमाल हे या समृद्धीचे खरे वाहक होते, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या कंबरेने अकालीच दगा दिला असल्यास नवल नाही.

अशा दुखण्यासाठी मराठी भाषेकडे तपशीलवार शब्दसंपत्ती आहे आणि ती अनुभवातून आलेली आहे. ओझे उचलताना एकाएकी स्नायू आखडून श्वास घेणेही कठीण होते, त्याला ‘उसण भरणे’ म्हणतात. वाकल्यावर कंबर सरळच होत नाही, तेव्हा ‘कंबर धरली’ असे म्हटले जाते. चुकीच्या हालचालीने सांध्याला वा स्नायूला ताण बसतो, ती ‘लचक’. आणि कंबरेतून मांडी व पोटरीत उतरणाऱ्या वेदनेला आयुर्वेदाने ‘गृध्रसी’ हे नाव फार पूर्वीच दिले आहे. आज लोक ‘मणका सरकला’ किंवा ‘गादी सरकली’ असे सहज म्हणतात; त्यातील ‘गादी’ म्हणजे दोन मणक्यांच्या मधली लवचीक चकती. प्रत्यक्षात ही चकती जागेवरून घरंगळत नाही, तर तिचे बाहेरचे कडे फाटून आतला मऊ भाग बाहेर डोकावतो आणि शेजारच्या मज्जातंतूला डिवचतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ‘सरकली’ म्हटले की कोणीतरी ती जोर लावून बसवावी असे वाटते, आणि अशा बसवण्यातून होणारी हानी मूळ दुखण्यापेक्षा मोठी ठरू शकते.

आखाडा किंवा तालीम या संस्थेचे वैशिष्ट्य असे की तिच्यातील मुख्य व्यायामाला साधन लागत नाही. गदा, मुद्गल आणि जोडी असल्या तरी पाया जोर, बैठका आणि नमस्कार यांचाच असतो, म्हणजे व्यायाम करणाऱ्याचे स्वतःचे वजन हेच त्याचे ओझे असते. जोर काढताना दोन्ही तळहात खांद्याइतक्या अंतरावर जमिनीवर टेकवून पाय मागे ठेवतात व कंबर उंच उचलतात. मग छाती हातांच्या मधून जमिनीला जवळजवळ घासत पुढे नेतात, मान वर उचलून पाठीला कमान देतात आणि त्याच प्रवाहात कंबर पुन्हा मागे व वर नेतात. या एका आवर्तनात कणा पुढे वाकतो आणि मागेही वळतो, पोटाचे व पाठीचे स्नायू शरीराला तोलून धरतात, आणि श्वास हालचालीशी बांधला जातो. निरोगी कण्याला बळ देणारी हीच हालचाल दुखावलेल्या कण्याला मात्र सुरुवातीच्या दिवसांत झेपत नाही, हे ज्या वस्तादाला कळत होते तोच खरा वस्ताद होय.

स्वतःच्या वजनावर चालणाऱ्या या विद्येची दुसरी मोठी शाखा म्हणजे मल्लखांब. पेशवाईच्या उत्तरकाळात, दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी तिचे पुनरुज्जीवन केले असे मानले जाते. सागवानाचा किंवा शिसवीचा वर निमुळता होत गेलेला खांब जमिनीत पुरून त्यावर एरंडेल तेल चोळतात, आणि त्या निसटत्या खांबाला मांड्यांची व हातांची पकड घालून चढणे, उलटे होणे व उड्या घेणे असा हा व्यायाम असतो. कुस्तीगिराची पकड, चपळाई आणि कंबरेची लवचीकता वाढवण्यासाठी तो आखाड्यात आला. पुढे मात्र त्याला स्वतंत्र कलेचे रूप आले.

वऱ्हाडात या परंपरेला संस्थेचे शिस्तबद्ध रूप मिळाले ते अमरावतीत. अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी १९१४मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. आखाडा एका वस्तादाभोवती उभा राहतो आणि बहुधा त्याच्या नंतर ओसरतो; मंडळाने मात्र शिकवणारे शिक्षकच घडवण्याचे काम हाती घेतले. उन्हाळी प्रशिक्षण वर्गांतून दूरदूरच्या प्रांतांतील तरुण अमरावतीस येत, जोर-बैठका, लाठी, लेझीम व मल्लखांब यांचे क्रमवार शिक्षण घेत आणि आपापल्या गावी परतून ते इतरांना देत. हुतात्मा शिवराम राजगुरू यांनीही तारुण्यात येथे व्यायामाचे शिक्षण घेतले होते. होमिओपॅथीचे डॉक्टर आणि कुष्ठरुग्णांसाठी अमरावतीत तपोवन उभारणारे शिवाजीराव पटवर्धन यांचाही मंडळाशी निकटचा संबंध होता. शरीर कमावणे आणि पीडित शरीराची सेवा करणे ही दोन कामे त्या पिढीला परकी वाटत नव्हती, याचा हा बोलका पुरावा आहे.

१९३६मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली, आणि १९४९मध्ये मंडळाचे पथक स्वीडनमधील स्टॉकहोम येथे ‘लिंगियाड’ या जागतिक व्यायाम-संमेलनात सहभागी झाले. हे संमेलन ज्या पेर हेन्रिक लिंग यांच्या नावाने भरत असे, त्यांनी १८१३मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामविद्येची मध्यवर्ती संस्था स्थापन करून व्यायामाची एक स्वतंत्र शाखा केवळ रुग्णांसाठी मांडली होती, आणि आजच्या भौतिकोपचाराच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या, उगमांपैकी ती एक मानली जाते. व्यायाम हा उपचारही होऊ शकतो, हा विचार युरोपात असा शास्त्राच्या वाटेने गेला, तर महाराष्ट्रात तो आखाड्याच्या आणि योगाच्या वाटेने आला.

त्या वाटेवरील दोन नावे येथे आवश्यक आहेत. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्राध्यापक माणिकराव हे व्यायामाचे आचार्य तर होतेच, शिवाय निखळलेले सांधे बसवणे व हाडे जुळवणे यांतील त्यांच्या कौशल्याची ख्याती होती. आखाड्यात मोडलेले शरीर आखाड्याच्याच ज्ञानाने सांधावे, ही जुनी रीत त्यांच्यात पूर्णत्वास गेली. १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याकडे शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. त्यांनी १९२४मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी सुरू केलेल्या ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून आसनांचे शरीरावरील परिणाम प्रयोगाने तपासून मांडले. पालथे पडून छाती हळूहळू उचलणारे भुजंगासन आणि पाय उचलणारे शलभासन यांना त्यांच्या अभ्यासक्रमात मानाचे स्थान होते. ही दोन्ही आसने पाठीच्या स्नायूंना शरीराच्याच वजनावर काम देतात.

याच काळात पाश्चात्त्य वैद्यक मात्र उलट दिशेने चालले होते. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४मध्ये मणक्यातील चकतीच्या विकाराचे आणि पायात उतरणाऱ्या वेदनेचे नाते दाखवले, आणि त्यानंतर पाठदुखी म्हणजे शस्त्रक्रिया किंवा दीर्घ विश्रांती असे समीकरण रूढ झाले. न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेन्झी यांच्या उपचारगृहात १९५६मध्ये एक रुग्ण अनवधानाने डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला आणि त्याचे पायातले दुखणे ओसरले. त्यातून पालथे पडून कणा मागे वळवण्याच्या व्यायामांची पद्धती उभी राहिली. १९८६मध्ये अमेरिकेतील डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात दिवसांची सक्तीची विश्रांती दोन दिवसांच्या विश्रांतीपेक्षा सरस नाही असे दाखवले, आणि १९९५मध्ये फिनलंडमधील एका अभ्यासात, नव्याने कंबर धरलेल्या रुग्णांपैकी झेपेल तेवढे नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे सर्वांत लवकर बरे झाल्याचे आढळले. अंथरुणाला खिळलेले तर मागे पडलेच, परंतु त्या पहिल्या तीव्र दिवसांत पाठीचे खास व्यायाम करणारेही मागे राहिले. पाठीच्या व्यायामाला योग्य वेळ असते आणि ती दुखापतीचा पहिला आठवडा नव्हे, हा त्या अभ्यासाचा दुसरा धडा पहिल्याइतकाच मोलाचा आहे.

आखाड्याच्या परंपरेतील सर्वांत मौल्यवान गोष्ट म्हणजे क्रम, आणि या संशोधनाच्या प्रकाशात तिचे महत्त्व अधिकच उजळते. नवख्याला पहिल्या दिवशी शंभर जोर कोणी लावत नाही. पाच-दहापासून सुरुवात होते आणि आकडा महिन्यांच्या हिशेबाने वाढतो. दुखावलेल्या पाठीला हाच क्रम आणखी खालच्या पायरीपासून सुरू करावा लागतो. प्रथम वेदना बेताची होईपर्यंत सपाट जमिनीवर थोडेथोडे चालणे. मग उताणे पडून गुडघे वाकवून कंबर उचलणे. पालथे पडून कोपरांवर टेकून छाती उचलणे. हातापायांवर ओणवे होऊन एक हात व विरुद्ध बाजूचा पाय लांब करणे आणि पाठ हलू न देणे. त्यानंतर भिंतीचा आधार घेऊन अर्ध्या बैठका, भिंतीवर हात टेकून उभ्याने दंड. आणि हे सारे विनात्रास जमू लागल्यावर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, सावकाश नमस्कार आणि सर्वांत शेवटी जोर. प्रत्येक पायरीवर एकच कसोटी लावावी: दुखणे कंबरेकडे गोळा होत असेल तर वाट बरोबर आहे, पायात खाली उतरत असेल तर एक पायरी मागे यावे. मात्र पायातील जोर जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या आतील भाग बधिर होणे, ताप असणे किंवा पडल्यामुळे दुखणे सुरू होणे ही लक्षणे असतील, तर तेथे वस्ताद आणि पुस्तक दोघांचेही काम संपते आणि रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात नेणे हाच उपाय उरतो.

परंपरेचा गौरव करताना तिच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. दुखऱ्या कंबरेवर पाय देऊन ‘मणका बसवणे’, वेदना अंगात मुरवणे हाच पुरुषार्थ समजणे आणि दुखापत लपवून हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या लाल मातीत, उतरणे यांनी अनेक शरीरे कायमची अधू केली. त्याहून मोठी उणीव सामाजिक होती. वऱ्हाडात सर्वांत अधिक वाकल्या त्या बायकांच्या पाठी. निंदणीला दिवसभर ओणवे राहणाऱ्या, कमरेला बांधलेल्या फडक्यात कापूस वेचत पऱ्हाटीच्या ओळींतून संध्याकाळपर्यंत चालणाऱ्या आणि घरी येऊन पुन्हा पाण्याचे हंडे उचलणाऱ्या या बायकांसाठी गावच्या आखाड्याचे दार बहुधा बंदच होते. हमालांच्या बाबतीतही, पोत्याचे वजन, मजुरीची शाश्वती आणि दुखापतीनंतरचा आधार हे प्रश्न कायद्याच्या कक्षेत येण्यास महाराष्ट्रात १९६९चा माथाडी कायदा यावा लागला. जो माणूस उद्याची मजुरी बुडेल म्हणून दुखऱ्या कंबरेने पुन्हा पोते उचलतो, त्याला उत्तम व्यायामक्रमही वाचवू शकत नाही.

या संदर्भात अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे स्मरण अपरिहार्य आहे. त्यांच्या ‘ग्रामगीते’त ग्रामआरोग्याला स्वतंत्र अध्याय आहे, आणि आरोग्य ही एकट्याने कमावण्याची नव्हे, तर गावाने मिळून सांभाळण्याची वस्तू आहे, ही त्यामागील दृष्टी आहे. वऱ्हाडच्या आखाड्याने ज्या विद्येची जोपासना केली, तिला जमिनीचा सहा फुटांचा तुकडा, थोडा वेळ आणि जाणता मार्गदर्शक एवढेच लागते. म्हणूनच ती गरिबाच्या घरी पोहोचू शकणारी विद्या आहे. ती निंदणीहून परतलेल्या बाईच्या ओसरीवर आणि अडत्याच्या दुकानामागे टेकलेल्या हमालाच्या पथारीपर्यंत पोहोचवणे, आणि त्यासाठी त्यांना बरे होण्यापुरती भरपगारी उसंत मिळवून देणे, हे या इतिहासाचे अपुरे राहिलेले काम आहे.