डेलिरियम : म्हातारचळ नव्हे, धोक्याची सूचना

मांडीचे हाड मोडल्याने शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेले आजोबा दुसऱ्या रात्री असंबद्ध बोलू लागतात, सलाइनची नळी ओढतात, मुलाला ओळखत नाहीत. नातेवाईक म्हणतात, 'म्हातारचळ लागला'. जुनी माणसे याला 'वात झाला' म्हणत. आधुनिक वैद्यक या अवस्थेस डेलिरियम, म्हणजेच तीव्र संभ्रमावस्था म्हणते. हा स्वतंत्र मनोविकार नसून शरीरातील बिघाडाचा मेंदूवर झालेला परिणाम असतो. जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, पाणी कमी पडणे, लघवी तुंबणे, वेदना, झोपेची औषधे किंवा मद्य अचानक बंद होणे ही त्याची नेहमीची कारणे होत.

परिचारिकेची भूमिका

डॉक्टरांची फेरी काही मिनिटांची असते. परिचारिका मात्र पाळीभर रुग्णाजवळ वावरते. डेलिरियमची लक्षणे दिवसभरात कमी-अधिक होतात आणि सहसा सायंकाळनंतर बळावतात. त्यामुळे सकाळी शहाण्यासारखा बोलणारा रुग्ण रात्री भ्रमिष्ट झाल्याची नोंद बहुधा तीच करू शकते.

तपासणीच्या पद्धती

अमेरिकेतील डॉ. शॅरॉन इनूये व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये 'कॅम' ही पद्धत मांडली. तिच्यात चार गोष्टी पाहतात : अचानक सुरू झालेला व चढउतार होणारा बदल, अवधानाचा अभाव, विस्कळीत विचार आणि जाणिवेच्या पातळीतील फरक. पहिल्या दोन्ही आणि उरलेल्या दोहोंपैकी एक आढळल्यास डेलिरियम मानतात. कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्ण बोलू शकत नाही. त्याच्यासाठीच्या 'कॅम-आयसीयू' चाचणीत परिचारिका एकेक अक्षर उच्चारते आणि ठरावीक अक्षर येताच रुग्णाने तिचा हात दाबायचा असतो.

साध्या वॉर्डात 'फोर-एटी' ही चाचणी सोयीची ठरते. तिला दोनेक मिनिटे लागतात. रुग्णाची सावधता पाहणे, वय, जन्मतारीख, ठिकाण व चालू वर्ष विचारणे, महिने उलट्या क्रमाने म्हणवून घेणे आणि वागण्यात अचानक बदल झाला का याची चौकशी, असे तिचे चार भाग आहेत. एकूण १२ गुणांपैकी ४ किंवा अधिक गुण झाल्यास डेलिरियमची शक्यता धरून डॉक्टरांना कळवले जाते.

भाषेचा प्रश्न

वसई-विरारसारख्या परिसरात ही चाचणी घेताना तारतम्य लागते. येथील वॉर्डात मराठीबरोबर सामवेदी (कादोडी), वाडवळी, गुजराती आणि हिंदी बोलणारे रुग्ण शेजारी-शेजारी असतात. परक्या भाषेत विचारलेल्या प्रश्नास उत्तर न देणारा रुग्ण भ्रमिष्ट असेलच असे नाही. पुष्कळ वृद्धांना जन्मतारीख ठाऊक नसते. काहींना डिसेंबर-नोव्हेंबरपेक्षा फाल्गुन-माघ जवळचे वाटतात. कमी ऐकू येणाऱ्यास श्रवणयंत्र लावूनच प्रश्न विचारावेत. म्हणूनच घरच्या माणसास विचारलेला 'हे नेहमी असेच बोलतात का?' हा प्रश्न सर्वात मोलाचा ठरतो.

शांत रुग्णाकडे दुर्लक्ष नको

आरडाओरड करणारा रुग्ण लगेच लक्षात येतो. पण डेलिरियमचा दुसरा प्रकार मूक असतो. रुग्ण सुस्त पडून राहतो, जेवत नाही, हाक मारल्यावर उशिरा ओ देतो. 'आज शांत झोपले आहेत' असा समज होतो आणि निदान हुकते. डेलिरियम झालेल्यांचा रुग्णालयातील मुक्काम लांबतो, मृत्यूचा धोकाही वाढतो. त्यामुळे ही चूक महागात पडते.

नातेवाइकांनी काय करावे?

चष्मा, श्रवणयंत्र, कवळी घरी ठेवू नये. रुग्णाला दिवस, वेळ, ठिकाण शांतपणे सांगत राहावे. डॉक्टरांची मनाई नसल्यास पाणी पाजावे, दिवसा उजेड आणि रात्री झोप मिळेल असे पाहावे. हातपाय बांधल्याने भ्रम वाढू शकतो. घरी घेत असलेल्या सर्व औषधांची यादी आणि मद्याची सवय असल्यास तीही न लपवता सांगावी. वागण्यात एकाएकी फरक दिसला, तर पुढच्या फेरीची वाट न पाहता परिचारिकेस तत्काळ कळवावे. मूळ कारणावर उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण सावरतात. मात्र वृद्धांना पूर्ववत होण्यास काही आठवडेही लागू शकतात.