तळटीप : युजर-एजंट

* युजर-एजंट : पान मागणारा प्रोग्राम कोणता, हे सर्व्हरला सांगणारी हेडरमधली ओळ. ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररी वापरणाऱ्या पायथन स्क्रिप्टमध्ये ती बदलली नाही, तर ‘पायथन-रिक्वेस्ट्स’ आणि आवृत्तीचा क्रमांक एवढंच पलीकडे पोचतं. मराठी विकिपीडियावरचे लेख उतरवून घेणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. विकिमीडियाच्या धोरणानुसार या ओळीत स्क्रिप्टचं नाव, आवृत्ती आणि संपर्काचा पत्ता द्यायचा असतो. मोघम ओळखीच्या विनंत्या अडवल्या जाऊ शकतात. या लायब्ररीच्या सेशनच्या हेडर्समध्ये हा मजकूर एकदाच घातला, की पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत तोच जातो. अडवणूक टाळायला क्रोमचं नाव लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. स्क्रिप्ट बिघडून विनंत्यांचा भडिमार सुरू झाला, तर तिकडच्या माणसाला आपल्याला गाठता यायला हवं. — संपादक